खांबवाल्या नाण्याची कड

१

नाणं हातात घेतलं आणि शिवांगीचा अंगठा जागच्या जागी थबकला.

तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. एका अंगाला समुद्राच्या लाटा, लाटांवर दोन गोल, त्यांच्यावर मुकुट आणि दोन्ही बाजूंना एकेक खांब. दुसऱ्या अंगाला राजाची ढाल. सगळं जिथल्या तिथे होतं. पण कडेवर पानं नव्हती. नुसत्या उभ्या रेघा होत्या, बाजारातल्या कुठल्याही नाण्याला असाव्यात तशा.

"काय झालं?" विश्वेशने विचारलं.

बोलण्याआधी तिने क्षणभर थांबायला हवं होतं. पुढे कितीदा तरी तिला तसं वाटलं. पण तेव्हा ती पटकन बोलून गेली. "हे आपलं नाणं नाही."

आडबंदरच्या सातेरीच्या देवळातल्या त्या लहानशा खोलीत सगळे पुढे वाकले. मधोमध टेबलावर देवीची चांदीची माळ पसरलेली होती. गोव्याच्या वाटेने कधीकाळी इथवर आलेली स्पॅनिश नाणी ओवलेली माळ. मधलं सर्वांत मोठं नाणं आकडीने अडकवलेलं, गावाच्या तोंडी 'खांबवालं'. माळ आता मुंबईच्या एका संग्रहालयात प्रदर्शनासाठी जायची होती. शिवांगी कॉलेजात इतिहास शिकवायची आणि याच चांदीवर तिने प्रबंध लिहिला होता, म्हणून माहिती लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं होतं.

"कशावरून?" विश्वेशचा आवाज चढला. देवस्थान समितीचा तो नवा अध्यक्ष.

"कडेवरून. तीनशे वर्षांपूर्वी स्पेनचा जुना राजा निपुत्रिक वारला आणि फ्रान्सहून नवं घराणं गादीवर आलं. तोवर नाणी छिन्नीने तोडून हातोड्याने ठोकायचे. वेडीवाकडी असायची. लोक कडेची चांदी खरवडून काढायचे आणि उरलेलं नाणं पुढे चालवायचे. नव्या राजाने यंत्रं बसवली, गोल नाणं पाडलं आणि कडेवर पानांची साखळी उठवली. कुणी जरा खरवडलं की पान तुटणार, चोरी उघडी पडणार. आपलं नाणं त्या सुधारणेचं. घटस्थापनेला देवीला सजवताना ती पानं माझ्या या अंगठ्याला लागली होती."

"आणि दसऱ्याला दागिने उतरवून कपाटात ठेवले," विश्वेश सावकाश म्हणाला. "म्हणजे नवरात्रात बदललं. नवरात्रात देवळात रात्रंदिवस कोण होतं?"

सगळ्यांचे डोळे दाराशी उभ्या असलेल्या लवू गुरवाकडे वळले.

लवूने कनवटीची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "माका काय एक विचारू नकात," एवढंच म्हणाला नि चालू लागला.

२

विश्वेशने ठरवलं ते असं: उद्या सकाळी गावाची बैठक. तोवर नाणं आलं नाही तर लवूविरुद्ध पोलिसांत तक्रार.

"म्हणजे चोरी बायकांनी पकडल्यानी आणि चोर गुरव!" कोपऱ्यात बसलेले भाई हसले, पण ते हसणं कडवट होतं. "नवो राजा इलो, नवे कायदे इले. आता नवो चोर पण इलो."

भाई जुने मानकरी. माळ पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरच्या पेटीत असायची. थोरल्या घराण्यातला शेवटचा पुरुष मूलबाळ नसताना गेला आणि अध्यक्ष म्हणून मुंबईहून विश्वेश आला, तेव्हापासून सगळं बदललं. प्रत्येक मानकऱ्याचा वेगळा रिवाज होता, त्याच्या जागी सगळ्यांना एकच नियम आला. पेटीच्या जागी लोखंडी कपाट आलं. आणि या नवरात्रापासून देवीला सजवायचा मान बायकांना मिळाला. त्यासाठी शिवांगी गणपतीआधीच विश्वेशच्या बाजूने भर सभेत भांडली होती.

आता तिच्याच एका वाक्याने लवूचा संसार टांगणीला लागला होता.

बाहेर सभामंडपात तिची सासू यशोदा नातीला घेऊन बसली होती. अडीच वर्षांची गौरजा भाताचा घास तोंडातून बाहेर ढकलत होती.

"स्टीलच्या वाटीतला खाणा नाय गो ती," सासूने तक्रार केली. "काय चलला आत? सगळे आरडतत कित्याक?"

शिवांगीने सांगितलं. सासू ऐकून घेऊन लेकराचं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "लवू? तो नाय घेवचो."

"तो काय बोलतच नाय, आई."

"नाय बोलाचो," सासू म्हणाली आणि उठली. "ओमकाराचो फोन इलो?"

"नाय अजून."

ओमकारचं, तिच्या नवऱ्याचं, जहाज तांबड्या समुद्राच्या वाटेवर होतं. त्या वाटेवरच्या जहाजांच्या बातम्या शिवांगी फोनवर लपूनछपून वाचायची. सासूला दिसू नये म्हणून. सासूही टीव्हीवर त्याच बातम्या आवाज बंद करून बघायची. सुनेला कळू नये म्हणून.

३

शिवांगी आधी भाईंकडे गेली. ते ओटीवर सुपारी कातरत होते.

"भाई, ता खांबवाला नाणा कसा होता, माका सांगा बघया."

"परीक्षा घेतस माझी?" भाईंनी डोळे मिटले. "लाटो. गोळे. खांब. मागे ढाल. आणि कडेक पानां. पोर आसताना आजो माका मांडयेर बसवन ता हातात देय. पानां मोजूचो माझो खेळ. मोजता मोजता चुकलंय की परत पयल्यापासून." त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "तुझ्या त्या विश्वेशान पेटी न्हेली माझ्या घरातसून. मी काय बोललंय? पण माळेक मी हात लावचंय नाय. लिवन ठेव."

लिहून ठेवण्यासारखंच होतं ते. हे नाणं ज्याच्या हातात खेळलं, त्याला पानं ठाऊक होती. भाईंनी नक्कल करवली असती तर कडेला रेघा आल्या नसत्या. आणि तोच न्याय लवूलाही. या नवरात्रापर्यंत दर सणाला ती माळ चढवायचा-उतरवायचा तोच.

म्हणजे नक्कल करणाऱ्याने नाणं कधी हातात धरलंच नव्हतं. नक्कल चित्रावरून झाली होती.

असं चित्र गावात घरोघर होतं. गणपतीच्या सुमारास समितीने छापील पत्रक वाटलं होतं. त्यात नाण्याचं पुढचं अंग आणि मागचं अंग, दोन्ही मोठी छापलेली. कड कोण छापतो!

विश्वेशच्या घरी त्याची बायको नम्रता दारातच भेटली. "वहिनी, आम्ही मुंबईचे म्हणून आमच्यावरही संशय असेलच," ती म्हणाली. "या, घर बघून घ्या."

"घर नको. फोटो दाखवा. संग्रहालयाने विम्यासाठी काढलेले."

विश्वेशने लॅपटॉप पुढे सरकवला. नाणं पुढून, मागून आणि मग आडवं धरलेलं. कडेवरची पानं न् पानं मोजता येत होती.

शिवांगीने सुस्कारा सोडला. "तुम्ही नव्हेत. तुम्हाला नक्कल करायची असती तर या फोटोवरून केली असती. पानं सोडली नसती."

"आभारी आहे," विश्वेश कोरडेपणाने म्हणाला. मग जरा थांबून, "मी या गावासाठी एवढं करतो, वहिनी. कपाट, विमा, बायकांचा मान. तरी लोक माझ्याकडे असे का बघतात?"

"माळ मुंबईला पाठवायचं ठरवलंत तेव्हा कुणाला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात? गावाच्या भल्याचंच होतं."

वर्गात ती शिकवायची ते राजे तिला आठवले. प्रजेसाठी रस्ते, प्रजेसाठी दिवे, प्रजेसाठी खणखणीत नाणं. प्रजेला विचारण्याची मात्र त्यांना कधी गरज वाटली नाही.

लवू देवळामागच्या तळीवर फुलं धूत होता. चावी गेली तरी त्याचं काम थांबलेलं नव्हतं.

"लवूकाका, उद्या पोलीस येतले."

"येवंदे."

"तुमका म्हायत आसा कोण ता."

"माका काय म्हायत नाय. माका एवढाच म्हायत, कौल घेतल्याबिगर ह्या देवळात कोण काय हलवचो नाय."

कौल म्हणजे देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून मनातला प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावणार गुरव, प्रश्न ज्याचा त्याचा.

शिवांगी तळीची एक पायरी खाली उतरली. "म्हणजे कोणीतरी कौल लावलेलो."

लवूने तिच्याकडे पाहिलं. "शिकलेली माणसां तुमी. शब्दातसून मासे काढतास."

"कोण ता?"

"ता सांगूचा नसता, बाये. देवी आणि माणूस, मधी मी फकत फुलां लावणारो. उद्या मी तोंड उघडलंय तर परवा कोण मन उघडात हय?" त्याने टोपली उचलली. "देवीन उजवो दिल्यान. देवीन होय म्हटल्यार मी नाय म्हणणारो कोण?"

४

दुपारी बाबली सोनाराला बोलावलं. त्याने नकली नाणं कसोटीवर घासलं, आम्लाचा थेंब सोडला, भिंग लावलं. मग तो भिंग काढून सगळ्यांकडे बघत राहिला.

"काय रे?" भाई खेकसले. "कथील काय?"

"कथील खंयचा! चांदी. चोख चांदी. जुन्यापरास बरी."

"मूर्खासारखं बोलू नकोस," विश्वेश म्हणाला.

"मी कशाक खोटा बोलू? ह्येच्यात भेसळ नाय. राजाच्या नाण्यात तांबा आसता."

ते खरं होतं. राजाच्या नाण्यात थोडं तांबं होतंच, आणि त्याच घराण्यातल्या पुढच्या राजाने तर नाण्यावर नवा चेहरा आणून आतली चांदी गुपचूप कमी केली होती. इथे मात्र उलटं घडलं होतं. चेहरा जुनाच ठेवून चांदी कुणीतरी वाढवली होती.

चोर असं करत नाही. चोराला नुसती चमक पुरते. कथलावर मुलामा चढवून भागलं असतं. चांदी नेऊन तिच्या जागी त्याहून चोख चांदी ठेवणाऱ्याला पैसा नकोच होता. त्याला ते नाणं हवं होतं. आणि देवीच्या गळ्यात हलकं काही घालणं त्याच्या हातून होणार नव्हतं. पाप करतानाही.

देवीला भिणारं माणूस. नाणं कधी न हाताळलेलं. पत्रक घरात असलेलं. पण माळेला हात लावायची संधी दसऱ्याला नक्की मिळणार, हे गणपतीपासून ठाऊक असलेलं.

बाईमाणूस. माळ उतरवली तेव्हा गाभाऱ्यात होतीच कोण? नम्रता, सजवायला येणारी गावातली भक्ती, ती स्वतः आणि...

शिवांगी खोलीतून निघाली. चालता चालता तिची पावलं आपोआप भराभर पडू लागली. घरी पोचताच तिने माजघरातलं कपाट उघडलं. गौरजाच्या बारशाला माहेरहून आलेला चांदीचा चमचा होता. वाळे होते. वाटी नव्हती. चेपली म्हणून गणपतीत दुरुस्तीला दिली, असं सासूने सांगितलं होतं.

मूल कशातून खातं, किती खातं, का खात नाही, याची चोवीस तास काळजी करणाऱ्या आईला ती वाटी इतके दिवस आठवली नव्हती.

५

मागच्या पडवीत यशोदा नारळाच्या हिरांची केरसुणी बांधत होती. गौरजा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

"आई, गौरजाची वाटी खंय?"

हात थांबले. "दुरुस्तीक दिलंय म्हणान सांगलंय मा तुका."

"आटवलास ती."

यशोदाने हीर खाली ठेवले, एकेक करून. सुनेकडे बघितलं नाही. "कुडाळच्या बाजारात एक सोनार आसा. तेका पत्रक दाखयलंय. नवसाचा करूचा आसा म्हटलंय. तेना काय इचारल्यान नाय."

"कशाक, आई?"

"कशाक?" आवाज एकाएकी फाटला, पण नातीची झोप मोडू नये म्हणून तो दबलेलाच राहिला. "माळ मुंबैक धाडूची ठरयल्यानी तेव्हा माका इचारल्यानी? तुझो घोव दर्यार आसा. ते खांब न्हय गो, डोलकाठयो त्यो. खाली लाटो. ता नाणा देवीच्या छातयेर आसा तवसर दर्यार गेलेलो माणूस परत येता. माझो घोव इलो, सासरो इलो. एका वर्सा आकडी तुटान ता खाली पडला. त्याच वर्सा माझो धाकटो दीर गेलो. होडी गावली. तो गावलोच नाय."

शिवांगी तिच्याजवळ खाली बसली. आपण याला अंधश्रद्धा म्हणतो, हे तिला आठवलं. आणि आपण रोज पहाटे उठून ओमकारच्या जहाजाचा नकाशावरचा ठिपका बघतो, तो हलला नाही तर चूल पेटवत नाही, हेही आठवलं.

"मगे कथलाचा करूचा होता. वाटी कित्याक मोडलास?"

"देवीच्या गळ्यात कथील घालू?" यशोदा खरोखर चिडली. "काय बोलतस तू!"

"आणि पानां?"

"दसऱ्याक हातात घेतलंय तेव्हा बोटाक लागली. घाबरलंय. मगे म्हटला, कडेकडे कोण बघता? घरातली सूनच बघतली, ह्या काय माझ्या डोक्यात इला नाय."

दोघींनाही हसू येण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही.

"लवूकाका तुरुंगात जातलो, आई. तुमचा नाव घेणा नाय तो."

"जावचो नाय." यशोदाने डोळ्यांना पदर लावला. "मी सकाळधरना तोच इचार करतंय."

"नाणा खंय आसा? काढून देवया. मी येतंय तुमच्यावांगडा."

"काढूक येवचा नाय."

"कित्याक? खंय ठेवलास?"

"देवीच्या पोटात," यशोदा म्हणाली.

६

आडबंदरची सातेरी मूर्ती नाही. ते वारूळ आहे, माणसाच्या उंचीचं. त्याच्यापुढे मुखवटा लावतात, लुगडं नेसवतात, दागिने घालतात. दसऱ्याला मुखवटा उतरवताना वारुळाच्या एका भेगेत यशोदाने नाणं सरकवलं होतं. ते आत घरंगळत गेल्याचा आवाज तिने ऐकला होता. आता ते हवं असेल तर वारूळ फोडावं लागणार होतं.

सकाळी बैठकीत विश्वेश बोलायला उभा राहण्याआधीच यशोदा उठली. देवीपुढे गाऱ्हाणं गुरवाने किंवा मानकऱ्याने घालायचं, ही रीत. तिने देवीकडे तोंड केलं, हात जोडले.

"बाय माझे सातेरी, म्हाराजा! आज तुझा लेकरू तुझ्याम्होरां उभा आसा. लवूवर आळ इलो, ता पाप माझा. नाणा मी काढलंय. माझ्या झिलाच्या काळजीन काढलंय. तुझा होता ता तुझ्याच पोटात ठेवलंय. शिक्षा माका कर, लवूक सोडव, म्हाराजा!"

प्रत्येक गाऱ्हाण्यावर सगळ्यांनी साद द्यायची असते. आज खांबाआडून एकच, खरखरीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला.

मग हळूहळू सगळे म्हणाले.

विश्वेशने हातातला तक्रारीचा कागद घडी करून खिशात ठेवला. भाई मात्र उठले. "बायकांचो हात लागलो, म्हणान ह्या झाला. मी आधीच सांगलेलंय. बंद करा ता सगळा."

दोन-चार माना हलल्या. मग आणखी काही.

भाईंचं तोंड बंद करायला शिवांगीकडे पुष्कळ मुद्दे होते, पण त्यातला एकही आत्ता चालणार नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे स्पेनच्या त्याच राजघराण्यातली एक गोष्ट आली. एका मंत्र्याने राजधानीच्या रस्त्यांवर दिवे लावले आणि त्याच झटक्यात लोकांच्या लांब अंगरख्यांना बंदी केली. शहर पेटलं. लोकांनी दिवे फोडले. राजाने मंत्र्याला देशाबाहेर घालवलं, तेव्हा कुठे लोक घरी गेले. पण दिवे पुन्हा लागले आणि लागलेलेच राहिले.

"शिक्षा आमच्या घराला द्या," ती म्हणाली. "चूक आमच्या घरातून झाली. यापुढे आई आणि मी गाभाऱ्यात पाऊल टाकणार नाही. बाकीच्या बायकांनी काय केलंय? भाई, पुरुषांच्या हातून आकडी तुटून नाणं पडलं होतं, तेव्हा पुरुषांना बंदी केली होती का?"

मंडपात कुणीतरी खुसकन हसलं. भाईंनी मिशी चावली, पण बसले.

"वारूळ फोडायचं का?" विश्वेशने विचारलं. हुकूम नव्हता तो. त्याने खरंच विचारलं होतं, आणि पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा तो उत्तरासाठी थांबला.

"नाय," मंडप म्हणाला.

"माळ मुंबईला पाठवायची?"

यावर मात्र भांडण जुंपलं, दुपारपर्यंत चाललं. शेवटी ठरलं की माळ जाऊ दे, मधल्या जागी यशोदाचं नाणं लावून. ते कुणाचं आणि का, हे खरं खरं लिहून.

निघताना लवू यशोदाजवळ आला. त्याची चावी पुन्हा त्याच्या कनवटीला होती. "वैनी, तुका उजवो कौल दिल्यान ता खरा. पण माझो बीपी वाढयलंस तू."

त्यानंतरच्या शुक्रवारी देवीला नवं लुगडं नेसवायचं होतं. भक्ती आणि नम्रता आत गेल्या. शिवांगी गौरजाला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली, सासू तिच्या शेजारी. ओमकारचा निरोप सकाळीच आला होता. जहाज अजून त्याच वाटेवर होतं. आतून बांगड्यांची किणकिण, कुजबुज, मग लुगडं सुटल्याची सळसळ ऐकू आली. पुन्हा कुजबुज.

यशोदा मान उंचावून उंचावून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"अगो, निरी डावीकडे घे!" ती बाहेरूनच ओरडली. "डावीकडे गो! आणि पदर सैल सोड, देवीक श्वास घेवंदे!"

आत पुन्हा बांगड्या किणकिणल्या.

"अशी काय?" आतून भक्तीचा आवाज आला.

"दिसणा नाय माका. दिवो जरा म्होरां धर."

भक्तीने दिवा पुढे धरला.